तिसरी ओळ

रविवार, ४ जानेवारी २०२६. कडा

पतसंस्थेनं दिलेली ही डायरी गाण्यांसाठी राखून ठेवली होती. पण गाणं येत नाही, आणि आज डोकं असं भणाणलंय की कुठंतरी ओकल्याशिवाय चैन पडायची नाही. म्हणून हे.

सकाळी बजरंगच्या सलूनमध्ये दाढीला गेलतो. तोंडाला फेस, वस्तरा गळ्यावर, आणि बजरंग म्हणतो, "गहिनीनाथ, काय टोला हाणलास बे! सहा वर्सं गप बसला आन् आता एकदम असा?"

मी म्हणलं, कसला टोला? त्यानं मोबाइल लावला. आधी गड्याच्या आवाजात:

मोबाइल घेतो नवा, त्याला कॅमेरे चार,
तुझाच काढीन फोटो, दिवसातनं हजार...

मग सगळं वाजाप थांबतं, आणि एक पोरगी साध्या बोलण्यात म्हणते:

"आधी तोंडाकडं बघून बोलायला शीक."

सलूनमधले चौघंजण खो खो हसले. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण हे गाणं माझं नाही.

माझं नाही, पण हुबेहूब माझ्यासारखं आहे. गहिनीनाथ कडेकर हे नाव कॅसेटच्या जमान्यात बीडपासून नगरपर्यंत कोणालाही विचारा. कारखान्यात टाइमकीपरची नोकरी केली, पण लग्नाचा मांडव माझ्या गाण्याबिगर हलत नव्हता. माझी पद्धत अशी: दोन ओळी गडी फुशारकी मारतो, यमकात, ठेक्यात. तिसऱ्या ओळीला वाजाप थांबतं आणि बाई एका वाक्यात त्याला लोळवते. तिसरी ओळ यमकात नसते. ती गायची नसते, बोलायची असते. हा शोध माझा. लोक त्याला 'गहिनीनाथचा टोला' म्हणतात.

आणि हा कोण हरामखोर? चॅनेलचं नाव 'संचं म्युझिक, बीड'. खाली लिहिलंय, गायिका आरोही, गीत पारंपरिक. पारंपरिक! म्हणजे मी मेलो काय? माणूस मेल्याशिवाय पारंपरिक होत नसतो.

सगळ्यात वाईट म्हणजे वेळ. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, बीडच्या एका मंडळानं माझा सत्कार ठेवलाय. पत्रिकाही छापली: 'सहा वर्षांनंतर नवं गाणं, खुद्द कवीच्या तोंडून.' नवं गाणं कुठंय? वहीत बघा. नाही.

घरी आलो तर संस्कृती आलेली. माझी नात. पोरगा-सून पुण्याला कंपनीत, हिचा नंबर बीडला नर्सिंगला लागला, म्हणून एक-दोन रविवार आड आज्जीकडं येते. कॉलेजचं कसलंतरी 'जुन्या बायकांच्या बोलण्याचं प्रोजेक्ट' आहे. पिठाच्या डब्यावर मोबाइल ठेवून दोघी स्वयंपाकघरात बसतात. आजकाल कॉलेजात काय काय शिकवतील सांगता येत नाही. नर्सला बायकांच्या बोलण्याशी काय करायचंय?

मंगळवार, ६ जानेवारी

आज जिद्दीनं बसलो. दोन ओळी झाल्या:

ट्रॅक्टर घेतला लाल, त्याला बांधल्या झिरमाळ्या,
तुझ्यापायी राणी, वाजवील गाव टाळ्या...

झकास. आता तिसरी. तिसरी. तिसरी नाही येत.

वही चाळली. सहा वर्षांत अशा एक्केचाळीस जोड्या जमल्यात. प्रत्येकीखाली एक मोकळी ओळ. नुसते वर उभे, वधू आलीच नाही.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायचो, दोन ओळी गुणगुणायचो. चंद्रभागा भाकरी थापत असायची आणि मधेच काहीतरी बडबडायची. बायकांना कुठं कळतंय माणूस तंद्रीत आहे म्हणून. मी चिडायचो. पण नवल असं की, तिची बडबड ऐकून डोकं उठलं की नेमकी त्याच वेळी मला ओळ सुचायची. आपोआप. देणगी असते, दुसरं काय.

आज मुद्दाम तिथंच पाट टाकला. तीनदा ओळी म्हणून दाखवल्या, मोठ्यानं. तिनं तीनदा भाकरी उलटली. शेवटी म्हणाली, "वाढू का?"

एवढंच. हल्ली एवढंच असतं. वाढू का, गोळी घेतली का, दार लावा. बाईमाणूस म्हातारपणी असं गप होतं म्हणतात. बीपीच्या गोळ्यांनीसुद्धा होत असेल.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

चोरानं आज दुसरं गाणं सोडलं. सणाचा मुहूर्त साधून! बजरंगनं दुकानातनं फोन करून ऐकवलं.

बंगला बांधीन माडीचा, गच्चीवर झोपाळा,
बस राणी झोपाळ्यावर, विसर तू उन्हाळा...

"आन् भाकरी काय झोपाळा थापणार?"

ऐकून मीच हसलो. हसलो आणि मग स्वतःची लाज वाटली. चोरीचा माल बघून मालकानंच वाहवा करावी तसं झालं.

पण खरं लिहायचं तर लिहितो, डायरी कोण वाचतंय. ही ओळ चांगली आहे. माझ्या चांगल्यातल्या चांगल्या ओळीइतकी चांगली. कदाचित बोटभर जास्तच. मघाशी उगाच वाटून गेलं की चोरालाच गाठावं आणि म्हणावं, बाबा, एक ओळ दे, ट्रॅक्टरखाली टाकायला.

दुपारी गल्लीतल्या बायका वाणाला आल्या. चंद्रभागेनं सगळ्यांना तिळगूळ दिला, सगळ्यांना "ग्वाड बोला" म्हणाली. मला वाटीत ठेवून दिला. म्हणलं, "मला नाही म्हणायचं?" तर वाटी सरकवली आणि आत गेली. विसरली असेल. घाईत होती.

शुक्रवार, १६ जानेवारी

अखेर तिसरी ओळ पाडलीच. ट्रॅक्टरवाल्या गाण्याला बाई म्हणते: "वा वा, किती छान दिसतोय तुमचा ट्रॅक्टर!"

बजरंगला ऐकवली. त्यानं कात्री खाली ठेवली. म्हणाला, "गहिन्या, ही बाई कोण हाय?"

"कोण म्हणजे? गाण्यातली."

"बरी हाय ना तिची तब्येत? तुझ्या गाण्यातली बाई असं बोलत न्हाई बे. ती तर आयला, गड्याची सालटी काढती. ही दवाखान्यातनं आल्यासारखी कावून बोलायली?"

त्याच्याशी भांडून आलो. आता दाढी घरी करणार.

रविवार, २५ जानेवारी

आज संस्कृतीला समोर बसवलं. म्हणलं, तू बीडला असतेस, तुम्हां पोरांना मोबाइलमधलं सगळं कळतं, हा संचं कोण आहे शोधून काढ. मला वाटतं 'संचित' नावाचा कोणी पोरगा असेल. त्याच्यावर केसच टाकतो. आयत्या बिळावर नागोबा!

पोरगी लालेलाल झाली. म्हणाली, "आबा, चोर कावून म्हणता? तुमची ओळ थोडीच घेतलीय त्यांनी. एकबी शब्द तुमचा न्हाई त्यात."

"शब्द नाही, पण ढंग माझाय ना! ढंग कुठनं आणला?"

ती काहीतरी बोलणार होती. आतनं भांडं पडल्याचा आवाज आला आणि ती उठून गेली. मग बराच वेळ दार ओढलेलं. आणि मग मी एक ऐकलं ते इथं लिहितो. चंद्रभागा हसली. पोट धरून, पूर्वी हसायची तशी. मी लगबगीनं दार उघडलं तर दोघी गप. ही गहू निवडतेय, ती मोबाइल ओढणीत लपवतेय. म्हणलं, काय झालं हसायला? म्हणे काही नाही.

आपल्याच घरात पाहुण्यासारखं उभं राहिलो आणि परत बाहेर आलो.

हिचं हे गप होणं कधीपासून, ते आज आठवत बसलो. 'हलकी हलकी' आलं तेव्हापासून. माझं शेवटचं गाणं आणि सगळ्यात गाजलेलं. डीजेवाल्यांनी अजून सोडलेलं नाही.

ये गं राणी कडेवर, नेतो नदीपार,
उचलून घेतो तुला, नको म्हणू भार...

"हलकी हाय मी, मोळीहून हलकी."

त्यात ती 'हलकी, हलकी' पुन्हा पुन्हा वाजते आणि पोरं पोरींना उचलायची नक्कल करून नाचतात. खरं म्हणजे ही एवढी एकच तिसरी ओळ हिच्या तोंडची आहे. लग्नानंतर तीन हंगाम आम्ही दोघं ऊसतोडीला जात होतो, तेव्हाची. एकदा बोलली होती. कशावरनं बोलली होती ते सोडा. पस्तीस-चाळीस वर्षं डोक्यात होती, मी तिचं सोनं केलं. गाणं आलं त्या महिन्यात आमच्याच दारासमोर वरात दोन तास थांबली, पोरं नाचून नाचून दमली. मी ओट्यावर, गळ्यात हार. हिला हाक मारत होतो, बघायला ये म्हणून. हिनं आतनं कडी लावलेली. मोठ्या आवाजाचा त्रास होतो हिला.

सोमवार, २ फेब्रुवारी

गेल्या बुधवारी तिसरं गाणं आलं. एसटीच्या पाटीवर राणीचं नाव लिहिणारा गडी, आणि बाई म्हणते, "पाटी बदलली म्हणून गाडी दुसरीकडं जाती व्हय?" पाच दिवसांत लाखावर लोकांनी ऐकलं. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन: "कडेकरसाहेब, वा! सत्कारात हेच म्हणा ना." मी 'बघू' म्हणलं. 'माझं नाही' म्हणलो नाही. का म्हणलो नाही ते मला माहीत आहे, पण लिहायची लाज वाटते.

झोप नाही, बसवत नाही. दिवसातनं चारदा वेशीपर्यंत जाऊन येतो, चौथ्यांदा कुत्रंसुद्धा भुंकत नाही. गुरुवारी बीडला जायचं. त्या संचितला कॉलरला धरून विचारायचं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. बीड

बसस्टँडवर बसून लिहितोय. कड्याची गाडी गेली, दुसरीही गेली. मी चढलो नाही.

चॅनेलखाली पत्ता होता; स्टुडिओ एका कोचिंग क्लासच्या वर आहे. खाली पोरं रसायनशास्त्र घोकतात, वर भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून हा प्रविण नावाचा माणूस गाणी भरतो. मी तोंड उघडायच्या आत तो पाया पडला. "आबा, तुमी स्वतः? अहो, निरोप धाडायचा!"

म्हणलं, "संचं कोण?"

तो हसला. "चेष्टा करता व्हय आबा? तुमच्याच घरचा माल हाय की. मला तर वाटलं तुमीच सगळं जमवून देता. तुमची संस्कृती पहिल्या दोन ओळी बांधती, तिची मैत्रीण आरोही गाती, गड्याचं मी म्हणतो. आन् तिसरी... थांबा, तुमाला कच्चं ऐकवतो. मला तर पक्क्या गाण्यापेक्षा तेच आवडतं."

कानाला हेडफोन लावला. आधी लाटण्याचा आवाज. मग संस्कृती: "आज्जी, गडी म्हणतो, बंगला बांधीन माडीचा, गच्चीवर झोपाळा."

आणि लगेच, लाटणंसुद्धा न थांबवता, चंद्रभागा. "आन् भाकरी काय झोपाळा थापणार?"

लगेच. मला वर्षं लागली असती. संस्कृतीचा सं, चंद्रभागेचा चं.

प्रविण म्हणाला, "असं वीस मिनिटं हाय. ऐका निवांत." आणि चहा सांगायला गेला. मी ऐकलं. गाडी लागली, आता चढतो.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही ते आज लिहितो.

वीस मिनिटं ती बोलत होती. हसत होती, नकला करत होती. बजरंगची नक्कल केली, माझीसुद्धा. सहा वर्षांत मला जेवढे शब्द मिळाले नाहीत तेवढे त्या मोबाइलला मिळाले. आणि मी ऐकत गेलो तशा माझ्या जुन्या सगळ्या तिसऱ्या ओळी एकेक करून कानात वाजायला लागल्या. तिच्या आवाजात. ती भाकरी थापताना काय 'बडबडायची' ते आठवायला लागलं. शब्दनशब्द तोच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा दुसऱ्याचा आणि चाळीस वर्षं काख फक्त माझी.

शेवटाला संस्कृती विचारते, "आज्जी, तू हे आबांपुढं कावून बोलत न्हाईस?"

लाटणं थांबलं. मग म्हणाली, "त्यांच्यापुढं बोललं की ते घिऊन जातात गं बाजारात. हसण्याचं नेलं, भांडणाचं नेलं, मी काय म्हणले न्हाई. पण ते मोळीचं नेलं, तवापासनं माझी वाचाच बसली. ते काय गाण्याचं बोलले होते व्हय मी?"

आता तेही लिहितो. 'ते सोडा' असं वर लिहिलंय, ते खोडत नाही, राहू दे.

तिसऱ्या हंगामाला कोपीवरच, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, मुलगी झाली आम्हांला. वीस दिवसांची होऊन गेली. ताप होता. सकाळी बघितलं तर गार. नदीकडं घेऊन निघालो, तर चंद्रभागा तिला माझ्याकडं देईना. ओली बाळंतीण ती. मी म्हणलं, दे, मी घेतो, तुला भार होईल. ती म्हणाली, "हलकी हाय. मोळीहून हलकी हाय."

हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्याच्यावर ठेका बसवला. कडेवर, नदीपार, भार, सगळं तिथलंच उचललं आणि बाईला नाचवली. तेव्हा वाटलं होतं, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय. मुलीचं नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं, बारसं करायला होतं कोण तिथं.

आज दिवसभर स्वयंपाकघराकडं गेलो नाही. जायचं तोंड नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

संस्कृती आली. तिला म्हणलं, मी प्रविणकडं जाऊन आलो. पोरगी रडायला लागली, "आबा, सॉरी." मी म्हणलं, अगं, तू कशाला? चोर सापडला, तो मी आहे.

आणि मग मला मार्ग सुचला. सांगितला तिला: २७ तारखेला स्टेजवर जायचं, गाणं म्हणायचंच नाही. माइक हातात घ्यायचा आणि सगळं खरं सांगायचं. त्या हंगामाचं, कोपीचं, नदीचं. चाळीस वर्षांच्या सगळ्या तिसऱ्या ओळी चंद्रभागेच्या, हे हजार माणसांपुढं कबूल करायचं आणि तिला स्टेजवर बोलावून तो हार तिच्या गळ्यात घालायचा. बोलता बोलता मीच डोळे पुसायला लागलो. सभागृह कसं चिडीचूप होईल, पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्याला पदर कशा लावतील, सगळं दिसायला लागलं. सहा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

स्वयंपाकघरातनं आवाज आला. कित्येक वर्षांनंतर एवढं मोठं वाक्य माझ्यासाठी:

"तेवढंच ऱ्हायलंतं. आता रडून बी टाळ्या घ्या."



सोमवार, ९ फेब्रुवारी

अध्यक्षांना फोन करून सत्कार नको म्हणून सांगितलं. पत्रिका वाटल्यात, हॉल ठरलाय, कारण द्या म्हणाले. कारण दिलं नाही. ती नवी गाणी माझी नाहीत, एवढं मात्र सांगितलं. "मग कुणाची?" म्हणाले. म्हणलं, ज्यांची आहेत त्या सांगतील, वाटलं तर. चिडून फोन आपटला त्यांनी.

मग प्रविणला म्हणलं, 'हलकी हलकी' काढून टाक सगळीकडनं. तो म्हणाला, "आबा, माझ्याकडचं काढतो. पण त्याचे दोनशे रिमिक्स हायत. गावोगावच्या डीजेवाल्यांच्या पेनड्राइव्हमधनं कसं काढू?"

खरंच. कसं काढणार.

शनिवार, १४ फेब्रुवारी

काही नाही. भाजी निवडून दिली. मी निवडलेली तिनं परत निवडली.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज म्हाळूच्या पोराचं लग्न. म्हाळू म्हणजे गल्लीच्या तोंडाचा, चांगला माणूस. चारच्या सुमाराला वरात निघाली. डीजेची गाडी आमच्या घरापाशी आली आणि थांबली, आणि मला कळलं आता काय लावणार. कवीचं घर म्हणून मान द्यायला थांबतात.

लागलं. 'ये गं राणी कडेवर.' खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. चंद्रभागा आत कणीक मळत होती, ती उठली आणि कडी लावायला दाराकडं आली. मी तिच्याआधी बाहेर पडलो.

दोन्ही हात वर करून ओरडत सुटलो, बंद करा, बंद करा! त्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. पोरांना वाटलं आबा नाचायला आले. शिट्ट्या सुरू झाल्या. एकानं फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. दोघांनी पायाला धरून खांद्यावर घेतलं. मी पाठीत बुक्के मारतोय, नको रे, उतरवा, आणि खाली सगळे 'आबा, आबा' करत मोबाइल काढून उभे. 'हलकी, हलकी, हलकी' चाललंय. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा पोरांच्या खांद्यावर रडतोय आणि लोकांना वाटतंय आनंदानं.

वरनं दार दिसलं. कडी लागली नव्हती. चंद्रभागा उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघत होती. बुक्के मारणाऱ्या माझ्या हातांकडं. मग तिनं कणकेचे हात तसेच ठेवून पदर खोचला आणि पायऱ्या उतरून गर्दीत घुसली. सरळ डीजेच्या गाडीपाशी.

"बंद कर ते. आन् त्यास्नी खाली ठिवा."

गाडीवरचा हसला. "आज्जी, आबांचंच गाणं हाय की!"

ती म्हणाली, "गाणं त्यांचं असंल. लेक माझी हाय."

कोणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच. पण तिचा चेहरा बघून त्या गड्यानं आवाज बंद केला. मला खाली उतरवलं. म्हाळू पुढं येऊन हात जोडायला लागला, तर ती त्याला म्हणाली, "तुमचं काय न्हाई भाऊ, जावा, मुहूर्त चुकंल." आणि माझ्या दंडाला धरून मला घरात आणलं. दंडावर कणीक लागली.

सोमवार, २३ फेब्रुवारी

काल वरात गेल्यावर दोघं स्वयंपाकघरातच बसलो. ती चुलीपाशी, मी उंबऱ्याशी नाही, आत, तिच्याजवळ. पायाला मुका मार लागला होता, तिनं हळद गरम करून लावली. मग मी म्हणलं, "माझं चुकलं." हे शब्द एवढे छोटे आहेत ते माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "व्हय." 'असू द्या' म्हणाली नाही. म्हणायलाही नकोच होतं.

मी विचारलं, "बारसं झालं नाही तिचं. पण तू मनात काही नाव ठेवलं होतंस का?"

"ठेवलंतं की."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कवा इचारलंत?"

"आता विचारतो."

तिनं हळदीची वाटी बाजूला ठेवली, हात पुसले आणि माझ्या तोंडाकडं बघून नाव सांगितलं. एकदाच, हळू आवाजात. मग आम्ही दोघंही रडलो, बेचाळीस वर्षं उशिरा.

दोनच अक्षरांचं नाव आहे. सोपं, गोड. ऐकलं तेव्हाच माझ्या मेल्या डोक्यात ते ठेक्यात बसलंसुद्धा, आणि हात आपसूक या डायरीकडं आला.

ते इथं लिहीत नाही.